दाजींच्या गाठी

माझ्या भावाला वस्तू जपायची भारी हौस. माणसांच्या बाबतीत मात्र हात सैल.

तो पर्यटकांना बोटीतून समुद्रात फिरवून आणायचा आणि माझा नवरा त्याच बोटीवर खलाशी होता. बोटीत प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट होतं, कोरं करकरीत. पण लोक ते उशाला घेत, त्यावर फतकल मारून बसत. एक पाहुणा तर अंगात घालून तसाच हॉटेलवर निघून गेला. मग भावाने शक्कल लढवली. सगळ्या जॅकेटांच्या भोकांतून एकच दोरी ओवायची आणि गठ्ठा बाकाखाली करकचून बांधायचा. हे सुरगाठ मारायला जात, तर तो वर आणखी दोन गाठी मारायला लावायचा. "वेळ आली तर सोडू की, दाजी!"

वेळ आली. डॉल्फिन दिसला म्हणून सगळे फोटोसाठी एका कडेला धावले आणि बोट कलंडली. जवळच मासेमारीच्या होड्या होत्या म्हणून प्रवासी वाचले. हे जॅकेटं सोडवायला बाकाखाली शिरले, ते वर आलेच नाहीत. वाचलेल्या एका बाईने मला सांगितलं, शेवटी ते दातांनी गाठ सोडत होते. बोट ओढून काढली तेव्हा गठ्ठा जागच्या जागी होता. एकही जॅकेट हरवलं नव्हतं. भावाने समाधान मानायला हरकत नव्हती.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तो आईला घेऊन माझ्याकडे आला. चहाला हात लावला नाही, म्हणजे काम मोठं होतं.

"ताई, साहेबांनी विचारलं तर एवढंच सांग, जॅकेटं दाजींनी बांधली. त्यांच्या मनाने."

"त्यांच्या मनाने?"

"हात त्यांचेच होते ना? खोटं कुठे बोलायचंय? माझं लायसन्स गेलं तर चूल बंद होईल. दाजींचं आता कोण काय काढून घेणार?"

त्यांचं नाव तेवढं उरलं होतं. ते हा काढून घ्यायला आला होता.

आई म्हणाली, "जावई गेले, बाळा. ते काही परत यायचे नाहीत. आहे त्याला तरी सांभाळ." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. मला तिचा इतका राग आला की दोघं गेल्यावर मी तिची कपबशी विसळलीसुद्धा नाही.

बंदराच्या कार्यालयात भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. माझ्याआधीच त्याने सांगून टाकलं, "साहेब, मी दाजींना शंभरदा बजावलं होतं, बांधू नका म्हणून. पण ते कुणाचं ऐकायचे नाहीत." आयुष्यभर ज्याने याचं ऐकलं, त्या माणसाबद्दल बोलत होता हा!

साहेबांनी मला विचारलं, "गाठी कोणी मारल्या?"

"माझ्या नवऱ्याने," मी म्हणाले. भावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मी पुढे म्हणाले, "आता खाली धक्क्यावर चला, साहेब. याने भाड्याने दुसरी बोट घेतलीय. ती बघा."

"ताई, त्याचा इथे काय संबंध?" भाऊ ताडकन उठला. पण साहेबांनी टोपी उचलली होती.

बोट भरून तयार होती. लोक गॉगल लावून बसले होते आणि अंगात जॅकेट एकाच्याही नव्हतं. साहेब वाकले. बाकाखाली गठ्ठा होता, तीच पद्धत, दोरी तेवढी नवी. त्यांनी सगळ्यांना उतरायला सांगितलं तर एक गृहस्थ माझ्यावरच खेकसले, "सुट्टीचा विचका केलात आमच्या!" त्यांचा जीव वाचला होता, अक्कल वाचवायचं काम माझं नव्हतं.

"दाजी तर गेले," साहेब भावाला म्हणाले. "मग ह्या गाठी कोणी मारल्या?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी घरात काही फोडलं की तो असाच बघायचा, आणि आई यायच्या आत मी 'माझ्या हातून पडलं' म्हणून मोकळी व्हायचे.

"सांग ना," मी म्हणाले. "तुला विचारतायत ते."