शनिवारची शाई

मी शाई. आजवर दुसऱ्यांनी माझ्याकडून हवं ते वदवून घेतलं, आता थोडं माझंही ऐका. गोड बोलायला मला येत नाही. माझ्या अंगात हिराकस आहे, लोखंडाचा क्षार. त्याहून जहाल असं जे काही आहे, ते मी केझाया स्पूनरच्या चुलीवर घेतलं.

केझाया मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या वेनफील्ड गावातली विधवा. नवरा कॉड मासे धरायला गेला तो परत आला नाही. मागे राहिला चार वर्षांचा जोएल, एक शेळी आणि शाई करण्याचं कसब. ओकच्या झाडांवरची मायफळं ती वेचून आणायची, कुटायची, पावसाच्या पाण्यात भिजत घालायची. मग तो काढा आटवायचा, गाळायचा आणि त्यात डिंक आणि हिराकस घालायचं. हिराकस मात्र ती अगदी जपून, चिमटीचिमटीने घालायची.

"जास्त झालं तर तू कागद खाशील, बयो," असं ती हंड्यात डोकावून म्हणायची. माझा स्वभाव मला असा तिच्या तोंडून कळला.

तिची बहुतेक शाई पाद्री ओबादाया थ्रॉल यांच्याकडे जायची. पाद्रीसाहेब वसाहतीचा इतिहास लिहीत होते. इतिहास कसला, देवाने कुणाला कधी आणि कशापायी बडवलं याचा पाढा. कुणाच्या गंजीवर वीज पडली, कुणाच्या पोराला देवी आल्या, कुणाची होडी फुटली, की यांची लेखणी सरसावलीच. प्रत्येक अपघाताच्या तळाशी त्यांना कुणाचं तरी पाप सापडायचं. शेजाऱ्याची गाय पोट फुगून मेली तेव्हा ती शिक्षा होती. पुढे त्यांची स्वतःची गाय तशीच मेली, तेव्हा मात्र ती भक्ताची परीक्षा ठरली.

"देवसुद्धा मालक बघून गाय मारतो गं," गुडी लूमिस केझायाला म्हणाली होती. ही चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन लूमिसची बायको, केझायाची शेजारीण. नवरा प्रार्थनेच्या सभाघरात पुढच्या बाकावर बसायचा म्हणून एवढं बोलायची तिची छाती होती. बाकीचं गाव पाद्रीसाहेबांपुढे मान डोलवायचं.

आता त्या शनिवारचं सांगते. शनिवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, देवाने सांगितलेला विश्रांतीचा दिवस, लागतो, मग चुलीला हात लावायचा नाही. मी चुलीवर होते. पाद्रीसाहेब जवळच बाकावर बसून होते.

"पाद्रीसाहेब, उतरवते आता," केझाया म्हणाली. "ऊन गेलं. राहिलेलं सोमवारी बघू."

"पातळ आहे अजून. सोमवारी सकाळी मला पुस्तकाची शुद्ध प्रत लिहायला बसायचंय. पानगळीच्या जहाजाने ती लंडनला जायला हवी, छापायला. ढवळ आणखी थोडी."

"शब्बाथ लागेल हो."

"शब्बाथ कधी लागतो ते तू मला शिकवणार? मी बसलोय ना इथे!"

तेवढ्यात जोएल आला आणि तिच्या झग्याला लोंबकळला. "आई, तहान लागलीय."

"थांब रे राजा. हात काढला तर उतू जाईल."

"तिला कामात सतावू नकोस," पाद्रीसाहेब म्हणाले. "एवढा मोठा घोडा झालास, बाहेर जाऊन पी की."

कुणीतरी मोठा म्हटल्याचा त्या पोराला कोण आनंद झाला! उड्या मारत गेला. विहिरीला कठडा नव्हता, नुसती फळी टाकलेली असायची. खिडकीतला उजेड विझत गेला, सूर्य बुडाला, तेव्हा कुठे पाद्रीसाहेबांनी लेखणी बुडवून माझा रंग पाहिला, मान हलवली आणि टोपी चढवून निघून गेले. केझायाने मला खाली उतरवलं आणि जोएलला हाक मारली. ती हाक अजून माझ्या अंगात आहे.

पुढच्या शब्बाथला, कबरीवरची माती ओली असतानाच, पाद्रीसाहेबांनी तिला सभाघरात सगळ्यांपुढे स्टुलावर उभं केलं. शब्बाथ लागल्यावरही चूल पेटती ठेवली, म्हणून देवाने मूल नेलं, असं त्यांनी सांगितलं.

"तुम्हीच तर बसला होतात!" केझाया ओरडली. "तुमचीच शाई होती ती!"

"मी सूर्यास्ताच्या आधीच निघालो होतो," पाद्रीसाहेब शांतपणे म्हणाले.

संपलं. पाद्र्याचा शब्द आणि कोळ्याच्या विधवेचा शब्द, यांत गावाने कुणाचा मानला हे सांगायला नको.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी शाई मागवली! न्यायला गुडी लूमिस आली होती.

"तोंडावर फेक मेल्याच्या," ती म्हणाली.

"नको, दे नेऊन," केझाया म्हणाली. तिने हिराकसाचा डबा काढला. या वेळी चिमूट नाही, ओंजळ भरून घेतली आणि बरणीत ओतली. मग आणखी एक. गुडी लूमिसने ते पाहिलं. तिने बरणीचं बूच घट्ट बसवलं.

लिहिताना मी फिकट उमटते, हवा लागली की गडद होते. यावेळी मी अशी काळीभोर झाले की पाद्रीसाहेब खूश. केझायाचं नाव तर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वरून पुन्हा गिरवलं, वाचणाऱ्याची नजर चुकू नये म्हणून. शब्बाथचा भंग, देवाचा कोप, विहीर, मूल. सगळं लिहिलं. बाकावर कोण बसलं होतं, तेवढंच लिहिलं नाही.

हे कानावर गेलं तशी केझाया त्यांच्या दारात आली. "मला काय हवं ते म्हणा. पण माझ्या लेकराचं मरण असं छापू नका. शंभर वर्षांनी कुणी वाचलं, तर जोएल माझ्या पापाने मेला असंच म्हणेल. खोडा ते. नाहीतर तुम्ही तिथे होतात, तेही लिहा."

"इतिहासात लिहिणाऱ्याने स्वतःला घुसडायचं नसतं," पाद्रीसाहेब म्हणाले आणि दार लावून घेतलं.

टेबलावरच्या कागदावर मी ओली होते. त्याच घडीला मी त्या कागदाला दात लावला.

पुस्तक लंडनला गेलं. तिथल्या छापणाऱ्याने आज छापतो, उद्या छापतो करत कित्येक वर्षं ते तळघरात ठेवलं आणि शेवटी तसंच परत धाडलं. तळघराची ओल, मग जहाजाच्या पोटातली दमट हवा. आणखी काय हवं होतं मला? मी निवांत जेवत होते.

पाद्रीसाहेब म्हातारे झाले होते. लंडनने छापलं नाही तर नाही, उपासाच्या दिवशी ते स्वतःच सभाघरात वाचून दाखवणार होते. सगळं गाव जमलं आणि लंडनहून आलेलं पुडकं त्यांनी तिथेच सोडलं. बायकांच्या बाकावर केसांची चांदी झालेली केझाया होती. त्यांनी नेमकं तेच पान काढलं. शब्बाथ मोडणाऱ्यांना धाक बसावा म्हणून असेल.

पान उचललं आणि खिडकीतलं ऊन त्यातून आरपार आलं. जिथे जिथे मी होते तिथे भोकं होती. सगळ्यात मोठं भोक केझायाच्या नावाचं, कारण तिथे मला दोनदा गिरवलं होतं. तुकडे गळून त्यांच्या काळ्या झग्यावर पडले. त्यांनी पुढचं पान उलटलं, तर ते हातातच मोडलं.

डीकन लूमिस उभे राहिले. माणूस भोळा, पाद्रीसाहेबांनीच शिकवलेला. "पाद्रीसाहेब, देवाच्या करणीचं पुस्तक देवानेच असं चाळण करून टाकलं. याचा अर्थ कसा लावायचा?"

"अर्थ कसला? शाई वाईट होती," पाद्रीसाहेब घाईघाईने म्हणाले.

"मीच नेऊन दिली होती ती," गुडी लूमिस बाकावरून म्हणाली. "जोएलला पुरलं, त्याच सुमारास."

केझाया उठली. सभाघरात बाईने आपणहून बोलायचं नसतं, पण तिला खाली बसवायला कुणी पुढे झालं नाही.

"शनिवारचीच शाई ती. हिराकस मी ओंजळीने घातलं, ते मी लपवत नाही. आता तुम्ही सांगा. भोकं देवाने पाडली म्हणत असाल तर तुमचं पुस्तक खोटं. शाईने पाडली म्हणत असाल, तर सूर्य बुडाल्यावर ती कुणासाठी उकळत होती, ते बोला."

पाद्रीसाहेबांनी पानाकडे पाहिलं. मग आढ्याकडे पाहिलं. वरून काही मदत आली नाही.

"माझ्यासाठी," ते म्हणाले.

"आणि माझ्या पोराला बाहेर कुणी धाडलं?"

त्यांनी हातातलं मोडकं पान खाली ठेवलं. "मी."

गुडी लूमिस कोपऱ्यात गेली, तेच जुनं स्टूल ओढत आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "चढा," म्हणाली. डीकनने हात दिला, पण चढायचं काही चुकलं नाही. केझाया ते बघायला थांबली नाही. ती जोएलच्या कबरीकडे निघून गेली.

पाद्रीसाहेब त्याच हिवाळ्यात वारले. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. केझायाने त्यांना माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी केलेलं नाही.

त्या पुस्तकाचे अवशेष आता पेटीत, सभाघराच्या तळघरात आहेत. मधूनच एखादा भला माणूस म्हणतो, पेटी वर आणून उन्हात ठेवा, जे उरलंय ते तरी वाचवा. माझी हात जोडून विनंती आहे, असलं काही करू नका. शेवटच्या पानावर ओबादाया थ्रॉल अशी सही आहे. ती करताना लेखणी कोरडी पडत आली होती, म्हणून तिथे मी पातळ उमटले आणि ती एवढी वर्षं टिकली. यंदा तळघरात ओल चांगली आहे. पहिल्या अक्षराला मी तोंड लावलंय.