गंगुबाईंची बाळंतपणं

"आज अठ्ठ्याहत्तर साल संपलं," पर्स खुंटीला अडकवत संचिता म्हणाली, आणि सुमतीच्या हातातला बोंबील विळीवरून सुटून खाली पडला.

बोंबील मेला तसाही हातात धड राहत नाही, म्हणून सुनेला काही कळलं नाही. ती नेहमीसारखी पाय धुवायला मोरीत गेली. सुमतीनं मासा उचलला, धुतला, परत विळीवर धरला.

संचिताला हे काम लागलं तेव्हा चेंदणीच्या कोळीवाड्यात पेढे सुमतीनंच वाटले होते. कल्याणचं एक जुनं प्रसूतिगृह बंद पडलं होतं. तिथले बाळंतिणींचे पिवळे पडलेले केसपेपर मशीनखाली धरायचे, कॉम्प्युटरवर चढवायचे, पुढे अभ्यासाला लागतील म्हणून जपायचे. तिथंच एसीत बसून काम. प्रसूतिगृह पारनाक्याजवळचं, हे सुमतीला पेढे वाटून झाल्यावर कळलं. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता, कारण सून एकेक साल पुढं सरकत होती.

एकोणऐंशीत सुमतीचं लग्न व्हायचं होतं, आणि त्याआधीच दिवस गेले होते. वाड्यात सांगितलेलं, पोरीला कावीळ झालीय, कल्याणला मावशीकडं औषध आहे. मावशीनं वाटेत बजावून बजावून सांगितलं होतं, खोटं नाव सांग. आणि ऐन वेळी नर्स गंगुबाईंनी कपाळावरून हात फिरवत नाव विचारलं, तर ही भित्री पोर बापाच्या नावासकट, वाड्यासकट सगळं खरं बोलून गेली. मुलगा झाला. कुणीतरी त्याला घेऊन गेलं. पुढं लग्न झालं, पण नवऱ्याला, मारुतीला, हे मरेपर्यंत कळलं नाही. बाहेर टीव्हीसमोर बसलेल्या मुलाला, सुदेशला, तर आपण आईचे एकुलते एक आहोत असंच वाटतं.

ओळखीतली कोणी सापडते का गो, असं तिनं एकदा सहज विचारावं तसं विचारलं होतं. संचितानं कानाला हात लावला. पेशंटचं नाव घरी सांगायचं नाही, अशी सगळ्यांची सही घेतली होती म्हणे. हे ऐकून धीर यायचा, तर झालं उलटंच. उद्या हिनं माझं नाव वाचलं तरी ही बोलणार नाही, नुसती बघेल, या विचारानं सुमतीची झोप उडाली. एकवीरेला साकडं घालून झालं. सून जरा जास्त वेळ बघत राहिली की ही पाठ फिरवून भांडी घासायला घेई.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी संचिता आली ती पाय धुवायलाही गेली नाही. पर्स न ठेवताच सासूशेजारी जमिनीवर बसली. झालं, सुमतीला वाटलं, कळलं हिला. तिनं विळी बाजूला सारली आणि मान खाली घालून बसली.

संचिता सांगायला लागली ते भलतंच. एकोणऐंशीत एकच बाई एका महिन्यात तीनदा बाळंत झालेली निघाली. सगळे आधी हसले. मग तिथल्या मुख्य आसावरी मॅडमनी मागची वर्षं काढून बघितली, तर दर वर्षी तीच बाई. ना नवऱ्याचं नाव, ना गाव.

"ती पेशंट नव्हतीच, आई. नर्स होती तिथली, गंगुबाई. लग्न न झालेली पोरगी आली की ती स्वतःचंच नाव घालायची. त्या पोरींतल्या एकीचंसुद्धा नाव नाही कुठं."

सुमतीला रडूच आलं. बोंबलाच्या हातानंच तिनं डोळे पुसले आणि मीठ झोंबलं म्हणाली. जन्मभर उगाच भ्याले, असं तिला वाटलं. त्या बाईनं एवढं केलं आणि आपण, खरं नाव काढून घेतलं म्हणून, तिला मनात शिव्या घालत बसलो.

"आज एक माणूस आलेला," संचिता म्हणाली. "केस पिकलेले. जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून गंगुबाईंचं नाव. त्या कधीच वारल्यात म्हटल्यावर बाकावर बसून राहिला. मला उशीर झाला, म्हणाला. मॅडमना खरं सांगायचा धीर झाला नाही. भिंतीवर नर्सबाईंचा फोटो आहे, त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेला बिचारा."

सुमतीचे हात मांडीवर तसेच राहिले.

"कुठल्या सालचा गो तो?"

"ते नाही सांगता येत, आई."

बरोबर होतं तिचं. इतके दिवस सुमतीनं देवीकडं हेच तर मागितलं होतं. बाहेरून सुदेशनं जेवायला किती वेळ म्हणून विचारलं. उत्तर ऐकू यावं म्हणून त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. सुमतीनं दाराकडं बघितलं. इतक्या महिन्यांत वाटली नव्हती एवढी भीती तिला आत्ता वाटत होती. पण तिनं आवाज खाली आणला नाही.

"उद्या मला तिकडं घेऊन चल."

"कशाला, आई?"

"त्याच्या दाखल्यावर आईचं नाव चुकलं असेल. माझं घालून बघायला सांगते."