ऑर्मरॉडबाईंची जांभळी केप

क्रॅगशॉ गावच्या कापडगिरण्यांवर बर्फ पडायला लागला की चॅपलच्या बायका गरिबांसाठी फ्लॅनेलचे परकर शिवायला एकत्र बसत. गरीब कोणाला म्हणायचं, हेही त्याच ठरवत. केझाया थ्वेट त्यांच्यात खाली मान घालून टाके घालायची आणि मनात ऑर्मरॉडबाईंना शिव्या घालायची. चॅपलमध्ये बसून हे पाप, हे तिला कळत होतं. पण पोटात जळत असलं की पाप-पुण्य कोण बघतं?

गेल्या हिवाळ्यापर्यंत तिची धाकटी बहीण टॅबिथा ऑर्मरॉडांच्या कापडदुकानात कामाला होती. मग दुकानातून जांभळ्या मखमलीचा एक तुकडा नाहीसा झाला. बाईंचा नवरा, म्हातारा ऑर्मरॉड, पक्का कवडीचुंबक; त्यानं दुकान डोक्यावर घेतलं. बाईंनी सरळ टॅबिथाकडे बोट दाखवलं. गिऱ्हाइकांसमोर पोरीची झडती झाली, झटकून बघायला म्हणून अंगावरची शालही काढून घेतली, आणि काही सापडलं नाही तरी तिला तशीच बर्फात बाहेर काढली. त्यानंतर तिला गावात कुणी दारात उभं केलं नाही. ती घरी बसून गिरणीवाल्यांचे फाटके सदरे सांधायची आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढायची नाही. तिच्या वाटचा संताप केझायाच करायची.

या हिवाळ्यात ऑर्मरॉडबाई शिवणाच्या बैठकीला आल्या त्या खांद्यांवर जांभळ्या मखमलीची केप मिरवत. कापड लीड्सहून मागवलंय, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. अस्तर मात्र स्वतः लावलंय, नव्या मशीनवर, एका दुपारात. मग केप काढून त्यांनी सगळ्यांच्या हाती दिली. बायका टाके बघून वाहवा करू लागल्या, आणि फिरत फिरत केप केझायाच्या मांडीवर आली.

तिनं कड उलटली. एकेरी दोऱ्याचा साखळी टाका. दिसायला सुबक, पण शेवटी दोरा ओढून घेऊन गाठ मारली नाही तर सगळी शिवण त्या टोकावर उभी असते. बाईंनी दोरा नुसता कात्रीनं कापला होता. मशीन विकणारा हे सांगत नाही, आणि विचारायचं म्हटलं तर बाईंना कमीपणा वाटला असता.

दुकानातून नाहीशा झालेल्या त्या मखमलीत विणीचा एक दोष होता. दोष असला की गिरणीवाले त्या जागी काठाला पांढरा दोरा बांधून देतात. ही खूण ऑर्मरॉडबाईंनीच वर्षभर गावभर सांगितली होती, चोरीचा माल कुणाकडे दिसला तर ओळखता यावा म्हणून. आणि क्रॅगशॉची बाई मखमलीचा बोटभर काठही कापून टाकत नाही. अस्तरात दडवते.

केझायानं दोऱ्याचं ते टोक चिमटीत धरलं आणि ओढलं.

शिवण सरसर उसवत गेली. अस्तर घसरून खाली पडलं, आणि आतल्या काठाला बांधलेला पांढरा दोरा सगळ्यांनी बघितला. हातातल्या सुया थांबल्या. केझायाला मनापासून आनंद झाला.

ऑर्मरॉडबाईंचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "माझ्या नवऱ्याचं दुकान. घरातलं कापड मी घेतलं तर ती काय चोरी झाली?"

"नाही हो बाई, चोरी झालीच नाही," केझाया म्हणाली. "तेवढंच टॅबिथाच्या दारात येऊन सांगा."

बाई पाद्र्याच्या बायकोकडे बघू लागल्या. ती वेळेला मध्ये पडेल अशी त्यांना आशा होती. तिनं हातातला परकर बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "जा, ऑर्मरॉडबाई. आत्ताच जा." खोलीतल्या सगळ्या बायका दुकानाची गिऱ्हाइकं होत्या. बाई उठल्या. त्यांनी केपसाठी हात पुढे केला तेव्हा केझायानं ती पाठीमागे घेतली.

"असू दे. अस्तर सुटलंय तिचं."

चॅपलपासून थ्वेटांच्या घरापर्यंत सगळा चढ आहे. वारा समोरून होता. बाई पुढे, उघड्या खांद्यांवर बर्फ घेत, आणि मागून केझाया, केप हातावर टाकून. बाई दोनदा घसरल्या. केझायानं हात दिला नाही.

टॅबिथानं दार उघडलं. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या की मखमल मीच घेतली होती, तुझा काही दोष नव्हता, झालं गेलं विसरून जा. एवढं बोलताना त्यांचे दात वाजत होते. आता बहीण रडेल, कदाचित बाईंना आत बोलावून चहासुद्धा देईल, अशी केझायाला धास्ती वाटली. टॅबिथा पहिल्यापासून मऊ.

टॅबिथानं बाईंच्या खांद्यावरून रिकाम्या गल्लीकडे बघितलं.

"गिरणी सुटायची आहे अजून," ती म्हणाली. "लोक घरी आले की पुन्हा सांगा. मोठ्यानं."

"आणि तोवर?" बाईंनी विचारलं.

"तोवर थांबा," टॅबिथा म्हणाली, आणि बहिणीला आत घेऊन तिनं दार लावलं.