पाचवं बाष्पीभवन

ओला रुमाल. मावशीचे बूट, एक नंबर मोठे. शेवटच्या बाकावर एक लाल पेन.

सातवीच्या वर्गावर तिचा हा पहिलाच पाठ. तो तपासायला तिच्या बी.एड. कॉलेजच्या मॅडम मागे येऊन बसल्या होत्या. पाठ फसला तर वर्ष गेलंच म्हणायचं. प्रश्न विचारत विचारत मुलांना विषयापर्यंत न्यायचं, हे तिने आरशासमोर घोटून घेतलं होतं.

“सांगा पाहू, वाळत घातलेले कपडे—”

“बाष्पीभवन,” अख्खा वर्ग म्हणाला.

तिने हातातल्या रुमालाकडे पाहिलं.

“ताई, आता रुमाल फळ्यावर फिरवायचा,” पहिल्या बाकावरच्या वेणीवालीने समजावलं. “डाग वाळतो, मग आम्ही नवल करतो. आधीच्या चार ताईंनी हेच शिकवलं.”

“नवल आत्ताच करून टाकू का?” मागून कुणीतरी विचारलं.

तिने मुकाट्याने रुमाल फिरवला. डाग वाळला. वर्गाने नवल केलं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

“बरं,” ती म्हणाली, “त्या चौघींना विचारायचं राहून गेलं, ते मला विचारा.”

मग वेणीवालीने हात वर केला. “डागातलं पाणी आता आमच्या नाकात गेलं असेल?”

हे आरशाने विचारलं नव्हतं. तिने जरा विचार केला.

“थोडंसं गेलं असेल.”

सगळ्या वर्गाने नाकं धरली. मॅडमनीही एका हाताने नाक धरलं आणि दुसऱ्या हाताने ‘उत्तीर्ण’ असं लिहिलं.

पाचही जणींना हा विषय मॅडमनीच नेमून दिला होता.