कॅनमधली लिची

सकाळी साडेनऊला तपासणी केंद्रातल्या बाईंनी लघवीच्या कॅनचं झाकण उघडलं आणि खोलीभर लिचीचा वास सुटला.

"यात काय मिसळलंत?"

"काही नाही हो, सगळं घरचंच आहे," क्रेनवाला म्हणाला.

बाईंनी पट्टी बुडवली. साखरेचा रंग पार टोकाला गेला.

क्रेनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताईला किडनी द्यायला तो एका पायावर तयार होता. रक्तगट जुळला होता, अडलं होतं ते त्याच्या एनर्जी ड्रिंकपाशी. उंचावरच्या केबिनमध्ये डोळा लागू नये म्हणून तो दिवसभर बाटल्या रिचवायचा; कामावरचे गडी त्याला 'चार्जर'च म्हणत. पहिल्या तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला, लघवीतून प्रथिनं जाताना दिसली. डॉक्टर म्हणाले, "एवढं कॅफिन, एवढी साखर, तेही रोज! किडन्यांना सुट्टी कधी? हे बंद करा. महिन्याभरानं चोवीस तासांची लघवी आणा, थेंब न सांडता. तेव्हाही प्रथिनं दिसली, तर तुमची किडनी आम्ही घेणार नाही." त्या दिवसापासून त्यानं कानाला खडा लावला होता.

वास दारात उभ्या असलेल्या ताईपर्यंत पोचला. आदल्या दिवशीच्या डायलिसिसची पट्टी अजून तिच्या हातावर होती.

"चार्जर, प्यायलास ना?"

"तुझी शपथ, ताई!"

"माझी नको, मी आधीच थोडी उरलेय. स्वतःची घाल."

"थेंबभरसुद्धा नाही गं!"

"मग लिची काय पोटात उगवली? अरे, माझी किडनी आहे ती. तुझ्याकडे नुसती सांभाळायला दिलीय."

शेवटी तो कबूल झाला. "हा पांढरा कॅन घेऊन वर चढलो असतो, तर गड्यांनी जीव नकोसा केला असता. म्हणून मी मोठी बाटली नेली. माझ्या हातात बाटली बघायची सवय आहे सगळ्यांना. घरी येऊन कॅनमध्ये ओतलं."

"कसली बाटली?"

"लिचीच्या एनर्जी ड्रिंकची. जुनी होती, तळाला थोडंसं उरलं होतं वाटतं."

"धुतली नाहीस?"

तो चपला न्याहाळू लागला.

बाई आधी हसल्या. मग ताई भिंतीला टेकून अशी हसली, की तिला पट्टीचा हात दुसऱ्या हातानं धरावा लागला. "घेऊन जा," बाई नवा कॅन पुढे करत म्हणाल्या, "आणि यातच करा."

दुसऱ्या दिवशी लपवालपवी नव्हती. कामावर बातमी आधीच पोचली होती. त्यानं केबिनमधून दोरी सोडली, खालच्या गड्यांनी कॅन बांधला आणि लोखंडी तुळई चढवताना करतात तसे हातवारे सुरू केले. "घे वर! सावकाश! ताईची किडनी चाललीय!" संध्याकाळी भरलेला कॅन उतरताना मात्र खालची जागा आपोआप मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी झाकण उघडलं, हुंगलं आणि मान डोलावली. "वास तरी बरोबर आहे."

"आणि प्रथिनं?" ताईनं विचारलं.

"ती नाकाला कळत नाहीत. बसा बाहेर."

बाहेरच्या बाकावर ताईनं पाण्याची बाटली उघडली, आधी स्वतः हुंगली आणि मग चार्जरच्या हातात दिली. दुपारी एकपर्यंत रिपोर्ट आलेला नव्हता.