अकरा अपघात, एक फरशी

त्या पुठ्ठा कारखान्याच्या ऑफिसात तीन शिक्के होते. एक 'मिळाले'चा, दुसरा 'रवाना'चा आणि तिसरा 'कारण : कामगाराचा निष्काळजीपणा'. हो, चक्क शिक्का करून घेतला होता! अपघाताच्या रजिस्टरमध्ये दर वेळी तेच वाक्य लिहून मॅनेजरसाहेबांचा हात दुखायचा, म्हणून ही सोय. कामगारांची बोटे तुटत होती आणि दुखत होता साहेबांचा हात!

त्या दिवशी सकाळी कापणीच्या मशीनमध्ये घड्याळकाकांची दोन बोटे गेली. घड्याळकाका म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने कामगार. दहा मिनिटे आधी हजर, कुलूप तीनदा ओढून बघणार, डब्याचे झाकणसुद्धा दोनदा तपासणार. सगळे त्यांची थट्टा करत, त्यातूनच हे नाव पडले होते. अशा माणसाच्या नावापुढे मारायला साहेबांनी तोच शिक्का उचलला आणि शाईच्या पॅडवर दाबला.

"थांबा, साहेब!"

दारात सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या. हातातल्या बादलीतले पाणी लालसर झाले होते.

"मावशी, आत्ता नको. दोन वाजता मशीन सुरू करायचंय. तुमची सूनच उभी राहणार आहे तिथे. जरा लक्ष देऊन काम कर म्हणावं तिला."

"तिच्यासाठीच आलेय. साहेब, ती फरशी मी आज अकराव्यांदा पुसली."

"कुठली फरशी?"

"मशीनच्या डाव्या अंगाची, कोपरा तुटलेली. तीन वर्षांत अकरा वेळा. एकजण पिऊन यायचा, मान्य. पण बाकीचे दहा? आणि त्यात घड्याळकाकासुद्धा? ते कधी कुणाच्या पायावर पाय तरी देतील का? माणसं निष्काळजी असती ना, तर रक्त कारखानाभर सांडलं असतं. कुणाचं जिन्यात, कुणाचं गोदामात. सगळ्यांचं लक्ष नेमकं त्याच फरशीवर कसं उडतं हो?"

साहेब चिडले. "चालू मशीनमध्ये हात घालू नये, हे भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय! वाचता येत नाही का कुणाला?"

"येतं की! मशीन बंद केलं तर परत सुरू करायला तुमची सही लागते, हेही वाचता येतं. सही मिळेपर्यंत वीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात सुपरवायझर सगळ्यांदेखत आईबहीण काढतो. ते कुठल्या भिंतीवर लिहिलंय? मग पुठ्ठ्याची पट्टी आत अडकली की माणूस हात घालणार नाही तर काय करणार? आणि हात आत जाऊ नये म्हणून जाळी होती ना मशीनला? ती कुठंय?"

जाळी कुठे आहे हे साहेबांना पक्के ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी मोठी ऑर्डर आली होती. पट्टी अडकली की जाळीचे स्क्रू काढा, परत बसवा, यात वेळ जायचा. "काढून ठेवा दोन दिवस," असे त्यांनीच सांगितले होते. ते दोन दिवस काही संपले नाहीत. जाळी त्यांच्याच केबिनमध्ये, कपाटावर धूळ खात पडली होती.

त्यांनी रजिस्टर मागे उलटत नेले. अकराही अपघात जाळी काढल्यानंतरचे. त्याआधीच्या नऊ वर्षांत त्या मशीनवर एकही नाही! एवढी पाने त्यांच्याच हाताखालून गेली होती आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. त्यांना स्वतःची शिसारी आली.

खुर्चीवर चढून त्यांनी स्वतः जाळी खाली काढली. फिटरला बोलावले. पट्टी अडकली की मशीन बंद करायला आणि पुन्हा सुरू करायला यापुढे कुणाच्या सहीची गरज नाही, असे त्यांनी सुपरवायझरला सर्वांसमोर बजावले. दोन वाजून गेले तसा मालकांचा फोन आला.

"मशीन बंद का?"

"जाळी बसतेय. बसेपर्यंत बंदच राहील."

"ऑर्डर हातची जाईल! नोकरी नकोशी झालीय का?"

"नोकरी हवीय. पण तुम्ही इथं या, त्या फरशीवर उभे राहा आणि अडकलेली पट्टी हाताने काढून दाखवा. मग लगेच सुरू करतो!"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. चार वाजता, जाळी बसल्यावर, मावशींची सून मशीनपाशी उभी राहिली.

संध्याकाळी साहेब रजिस्टर घेऊन दवाखान्यात गेले. घड्याळकाकांच्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होते. काकू म्हणाल्या, "सकाळपासून एकच घोकताहेत, माझंच चुकलं, माझंच लक्ष नव्हतं."

साहेबांनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरले. शिक्का नव्हता. हाताने लिहिले होते : 'कारण : मशीनची जाळी काढलेली होती. ती काढायला मी सांगितले होते.' खाली सही.

काकांनी ते दोनदा वाचले, त्यांच्या सवयीप्रमाणे. मग विचारले, "म्हणजे मी निष्काळजी नव्हतो ना, साहेब?"

"नाही, काका. मी होतो."

काका भिंतीकडे तोंड करून रडले. बोटे काही परत येणार नव्हती.

मालक असा, मॅनेजर असा, नाहीतर चार माणसांकडून काम करून घेणारे कुणीही असा, आपल्या हाताखालच्या माणसाला इजा झाली तर 'चूक कुणाची' हे विचारण्याआधी 'लागलं कुठे' हे विचारा. आणि त्याचं रक्त पुसलं जाण्याआधी त्या जागेवर स्वतः जाऊन उभे राहा!