दोन घरची जानकी

रुजायच्या हातच्या पेजेला गोव्यातल्या पाळी गावात नाव होतं, आणि ते आहे हे रुजायला जरा जास्तच ठाऊक होतं. तिचा नवरा इनास. त्यांच्या पडवीत दर रविवारी येशूच्या नावानं पंधरावीस माणसं जमायची. निम्मी इथलीच, कोकणी बोलणारी. निम्मी कोल्हापूर-बेळगावकडून खाणीवर कामाला आलेली, मराठी बोलणारी. त्यांचा पुढारी शांतवन, गॅरेजातला मिस्त्री, आणि त्याची बायको करुणा. एक गाणं मराठीत व्हायचं, एक कोकणीत, आणि मग सगळी एकाच टोपातलं जेवायची. कोण कुठल्या भाषेत प्रार्थना करतो हे कुणी मोजत नव्हतं.

त्या टोपातलं पहिलं वाढप जानकीबायचं. जानकी सावंतवाडीकडची, दोन्हींच्या मधली मालवणी बोलणारी, ट्रकवाल्याची विधवा, ना मूल ना बाळ. दम्यामुळे तिला चढण झेपत नसे. रविवारी कुणीतरी हात धरून आणायचं आणि एरवी तिच्या खोपटात डबा जायचा, एक दिवस रुजायकडचा, एक दिवस करुणाकडचा. ही रीत इनासनं घातली होती आणि तो मोठ्या ऐटीत सांगायचा, "येशूच्या मागून पहिली मंडळी जमली ना, तिच्यात दोन बोलींची माणसं होती. रोजच्या वाढपात एका बोलीच्या विधवा उपाशी राहायला लागल्या आणि कुरकुर झाली. आपल्यात तसलं होऊ द्यायचं नाही." दुसऱ्याची चूक माणसाला कशी लख्ख दिसते बघा.

मग ते भाषेचं वर्ष उजाडलं. गोव्याची भाषा कोकणी की मराठी, ह्यावरून रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या, जन्माचे शेजारी एकमेकांना पाठ दाखवून बसायला लागले. ह्या मूठभर माणसांनी तरी शहाणं राहावं की नाही? कसलं काय. एका रविवारी इनास म्हणाला, माझ्या घरात यापुढं कोकणीतच गायचं. शांतवन म्हणाला, मग तुझं घर तुला लखलाभ. मराठी माणसं उठली ती थेट गॅरेजामागच्या खोलीत जाऊन बसली. उठता उठता जानकीवरून शेवटची खडाजंगी झाली, ती आमच्याकडं येणार की तुमच्याकडं. जानकी कोपऱ्यात बसून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रुजाय डबा घेऊन उतारावरून खाली गेली. जानकी दारातच बसली होती.

"नको गो बाय," ती हसून म्हणाली, "करुणाकडची भाकरी आत्ताच खाल्लंय. पोट भरला."

रुजायनं डबा तसाच परत आणला. पुन्हा गेली, तेव्हाही तेच, करुणाची भाकरी. आणखी एकदा गेली आणि त्या दिवशी मात्र तिचं डोकं फिरलं. इतकी वर्षं माझी पेज गोड लागली आणि आता भाकरीवाल्यांची झालीस होय? तिनं डबा घासून पुसून फळीवर उपडा घातला. इनास म्हणाला, "राहू दे. तिची माणसं तिला बघतील." पण रुजायला आत कुठंतरी दुखत होतं. ज्या बाईचं डोकं तिनं तापात मांडीवर घेतलं होतं, तिनं असं तोडावं? एकदा वाटेवरून जाताना जानकी दिसली. फार वाळल्यासारखी वाटली. दमा वाढला असेल, असं म्हणून रुजायनं मान फिरवली. राग असा आंधळा असतो.

आणि मग एका सकाळी मंगल धावत आली. मंगल बेळगावकडची, बांधकामावर जाणारी, जानकीच्या शेजारच्या खोलीत राहायची. "रुजायबाई, चला. मावशी उठत नाही."

रुजाय पोहोचली तेव्हा करुणा आधीच आली होती. जानकी चटईवर पडली होती, सगळं संपलं होतं. रुजायनं तिचा हात हातात घेतला तर नुसती हाडं लागली. ती करुणावर उसळली.

"हेच का तुमचं बघणं? भाकऱ्या घालत होता ना तिला? ह्या काय भाकऱ्या खाल्लेल्या बाईचे हात?"

करुणा म्हणाली, "मी? रुजायताई, मी आले की म्हणायची, रुजायनं पेज धाडली होती, आत्ताच प्यालंय. मला वाटलं, माझं अन्न तिला नकोसं झालं. मग मी यायचीच बंद झाले."

रुजायनं चुलीत हात घातला. चूल थंड होती. कालपरवाची नव्हे, कितीतरी दिवसांची थंड.

मंगल दाराशी टेकून रडत होती. "मी संध्याकाळी कामावरून आले की घासभर द्यायची. ती अर्ध्यावर हात धुवायची. मी चिडायचे, दोन्हीकडून येतंय ते का परत धाडतेस? तर म्हणायची, ज्यांचा खाईन त्यांची म्हणान माका धरतले, नि दुसरी कायमची तुटतली. दोघी मिळान घेवन येवंदेत, मगे पोटभर जेवतंय."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस गे?" रुजाय मंगलला म्हणाली.

"तिनं शपथ घातली होती. सांगून आल्या तर नुसते पाय येतील म्हणाली, मन येणार नाही."

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपण हसत म्हणतो. त्या पाहुण्याला दोन्ही घरं विसरतात. हिच्या दारी दोन्ही घरचा डबा आला होता, आणि दोन्ही घरं एक व्हावीत म्हणून ही बाई उपाशी राहिली. येशूचं नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं. त्याच्यासारखं वागली ती ही एकटी.

पुरुष आले, अंगणात उभे राहिले. शांतवन इनासला म्हणाला, तू वाच काहीतरी. इनासनं पुस्तक उघडलं, मिटलं आणि त्याच्याच हातात दिलं. शांतवननंही ते उघडलं नाही. मराठीत नाही, कोकणीत नाही, कुणाच्याच तोंडातून शब्द निघेना.

रुजाय घरी आली आणि तिनं पेजेचा टोप चुलीवर चढवला. का, ते तिला विचारू नका, तिलाही सांगता आलं नसतं. पेज शिजली तशी टोप उचलून ती करुणाच्या घरी गेली. करुणा कपडे बदलायला घरी आली होती. रुजाय दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "एक कड धर. एकटीला पेलत नाही."

करुणानं कड धरली. दोघी तो टोप सांभाळत उतार उतरल्या, सगळा गाव बघत होता. आत मंगलनं जानकीला न्हाऊ घालून धुवट लुगडं नेसवलं होतं.

टोप खाली ठेवताना करुणा म्हणाली, "रुजायताई, आता वाढायचं कुणाला?"

रुजाय जानकीच्या पायांशी बसली, त्या गार पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडत म्हणाली, "जानकीबाय, दोघी आलो गे. मिळून आलो. ऊठ, जेव."